पाटीवरचा फोन नंबर



मोबाईल किंवा कॉम्प्युटरवर अचानक लाल पाटी झळकते, भोंगा वाजतो: ‘व्हायरस आलाय, ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ मी म्हणतो, खोटेपणाची खूण त्या नंबरातच आहे. मायक्रोसॉफ्ट अशा सूचनेत कधीच फोन नंबर देत नाही. ती पाटी म्हणजे नुसतं वेबपेज.

फोनपलीकडे असतात कॉल सेंटर थाटून बसलेले ठग. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने सायबर गुन्ह्यांसाठी देशात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून अशा टोळ्यांवर दाखल झालेले गुन्हेही होते.

तेव्हा नंबर लावू नका. ते सांगतील ते ‘एनीडेस्क’सारखं ॲप घेऊ नका, त्यातून आपलं मशीन त्यांच्या हाती जातं. मोबाईलवर ब्राउझर बंद करा. कॉम्प्युटरवर एस्केप दाबून धरा. नाहीच हटली पाटी, तर मशीन बंद करून पुन्हा चालू करा. पैसे गेलेच तर लगेच बँकेला आणि १९३० ला फोन.

आपल्याकडे बरेच ज्येष्ठ एकटे राहतात. मुलं पुण्याला, नाहीतर परदेशात. घाबरलेल्या एकट्या माणसावरच ठगाचा धंदा चालतो. नळाला पाणी आलं की आपण अख्ख्या जिन्याला सांगतो ना? मग अशी पाटी आली तर शेजारची बेल वाजवायला कसला संकोच? माझीही वाजवा.