अपस्माराच्या गोळ्या आणि पेये

अपस्मार म्हणजे फिट येण्याचा आजार. त्याची गोळी कशासोबत घ्यावी? साधं पाणी सर्वांत उत्तम. सकाळ-संध्याकाळचा एखादा कप चहा सहसा चालतो. पण रात्री उशिरा चहा-कॉफी नको. झोप मोडली की फिटचा धोका वाढतो.

कार्बामाझेपिन ही अपस्माराची गोळी घेत असाल, तर ग्रेपफ्रूटचा रस टाळा. आतड्यातलं एक विकर (एन्झाइम) या औषधाचं विघटन करतं. हा रस त्या विकरालाच रोखतो. एका अभ्यासात त्यामुळे रक्तातलं औषध सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं. मग चक्कर येते, तोल जातो, एकाच्या दोन वस्तू दिसतात. ग्रेपफ्रूटच्या जवळच्या नात्यातलं पपनसही डॉक्टरांना विचारूनच खा.

टोपिरामेट ही दुसरी गोळी घेणाऱ्यांना मुतखड्याचा धोका असतो. त्यांनी दिवसभर भरपूर पाणी प्यावं.

दारू मात्र दूरच ठेवा. गोळीची गुंगी दारूने वाढते आणि नशा उतरताना फिट येऊ शकते. सणासमारंभात दारू घ्यायची म्हणून गोळी चुकवणं तर फारच घातक. रोजची दारू सोडायची असेल, तरी ती एकदम न थांबवता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.

गोळी वेळेवर घ्या आणि स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.