जन्मतारीख १ जून

(राजूर, ता. अकोले येथील महिला शिबिरात आपल्या भागातल्या एका नर्सताईंनी केलेले भाषण. ताई सरकारी नोकरीत असल्याने नाव दिलेले नाही.)



मला भाषणाची सवय नाही. सुई टोचायला सांगा, टोचते. पण आज दहावीच्या पोरी समोर बसल्यात, त्यांना नर्स कशी झाले ते सांग, असं ताई म्हणल्या म्हणून उभी राहिले.

मी ठाकराची. दहावीनंतर नगरला एएनएमच्या कोर्साला नंबर लागला. तेव्हा तो दहावीनंतर अठरा महिन्यांचा कोर्स होता. पहिल्याच दिवशी हॉस्टेलात "मपली पेटी कुठं ठेवू?" म्हणाले, तर पोरी फिदीफिदी हसल्या. मग आठ दिवस मी तोंडच उघडलं नाही. पुस्तकात इंग्रजी शब्द, वॉर्डात वास, रातपाळीला झोप. दोनदा पळून यायचं मनात आलं. एसटीला पैसे नव्हते म्हणून राहिले, खरं तेच सांगते.

पण बाळंतपणाचा धडा आला आणि मी जागी झाले. माझी आजी सुईण. वार म्हंजे काय, बाळ आडवं असलं तर पोट कसं लागतं, हे मी तिच्या मागं फिरून पाहिलेलं. फक्त आजी नाळेला राख लावायची. शाळेत शिकले : नवं ब्लेड, स्वच्छ दोरा, धुतलेले हात, आणि नाळेवर काहीच लावायचं नाही. आजीला दोष देत नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बायांना शिकवलं. त्यातल्या कितीजणींना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांनी गावोगाव बाळंतपणं सांभाळली. मग आपल्या पोरींना का जमू नये?

पहिली नेमणूक डोंगरातल्या उपकेंद्रावर. आदिवासी भागात तीन हजार माणसांमागं एक उपकेंद्र असा नियम आहे. पण माणसं एका जागी थोडीच राहतात? वाड्या लांबलांब, मधे ओढे. त्या पावसाळ्यात रात्री एका बाईला झोळी करून आणली. मूल झालं, वारही पडली, पण रक्त थांबेना. डॉक्टर नाही, मी एकटी, हातात कंदील धरून तिची सासू. इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिले, बाळ अंगावर लावलं. माझे पाय लटलट कापत होते. रक्त कमी झालं तशी पहाटे जीप मिळाली, पुढं दवाखान्यात नेलं. बाई वाचली.

मग रजिस्टर भरायला बसले. विचारलं, तुझी जन्मतारीख? म्हणाली, "१ जून आसंल." माझीबी १ जूनच! आपल्या वाडीतल्या निम्म्या लोकांची १ जून. घरी जन्मलो, नोंद नाही, शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली ती तारीख.

हसू नका. ह्याच कागदापायी माझी नोकरी जाता जाता राहिली. जातीच्या पडताळणीला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. माझा आजा शाळेतच गेला नव्हता, पुरावा आणू कुठून? दीड वर्षं हेलपाटे घातले. शेवटी चुलत आज्याचा शाळेतला उतारा सापडला, तेव्हा सुटले. तिथल्या बाकावर माझ्यासारखी किती पोरं बसलेली, त्यातली काही अजून बसलीत.

आता वनहक्काचे दावे चाललेत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होता हे दाखवायचं, आणि एकाहून जास्त पुरावे लागतात. म्हाताऱ्यांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा धरतात, तेव्हा म्हातारी माणसं हयात आहेत तोवर लिहून घ्या. मी सरकारी नोकर, घोषणा देणार नाही. माझ्या कामातलं तेवढं सांगते. मूल घरी झालं तरी २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. वर्ष उलटलं की जिल्हाधिकाऱ्याचा नाहीतर प्रांताचा हुकूम लागतो. आज जन्मलेल्या पोरीला उद्या माझ्यासारखं बाकावर बसायला लागू नये.

आणि ज्या पोरींना कोर्साला जायचंय, त्यांनी जेवण झाल्यावर मला भेटा. दाखले कुठले लागतात ते लिहून देते. जातीच्या दाखल्याचं काम मात्र आजच सुरू करा, निकालाची वाट बघू नका. पेटी घ्यायला पैसे नसतील तर माझी जुनी पडून आहे, कडी तेवढी बसवून घ्यावी लागंल.