शाळेच्या दप्तरातील वस्तुस्थिती व अभिप्राय
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



गैरहजर मुलांविषयीचे अहवाल चाळले, तर त्यांत "पालक बेपर्वा", "मुलगा आळशी", "घरी शिक्षणाची आवड नाही" असे शेरे पुष्कळदा आढळतात. लिहिणाऱ्यास ती वस्तुस्थिती वाटते. वास्तविक तो त्याचा अभिप्राय असतो. "दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीस गेला; गावी आजी आहे", एवढेच लिहिले असते, तर त्या मुलास हंगामी वसतिगृहात ठेवून घेण्याचा विचार करता आला असता. "बेपर्वा" या शब्दावरून काय करावयाचे?

अभिप्राय हा वस्तुस्थितीचा वेष घेऊन दप्तरात शिरला म्हणजे किती अनर्थ होतो, याचे उदाहरण दूरचे नाही. इंग्रज सरकारने 1871 साली केलेल्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. राज्यकर्त्यांचा हा निव्वळ ग्रह. परंतु तो नोंदवहीत उतरला आणि निरपराध माणसांवर पोलिसांकडे हजेरी देण्याची वेळ आली. (शाळेतील हजेरीला शब्द तोच आहे, हे ध्यानात यावे.) सोलापुरास तर तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहतच होती. 1952 साली तो कायदा रद्द झाला. मनांतील नोंद मात्र सर्वत्र पुसली गेली असे म्हणवत नाही.

म्हणूनच पारध्याचे मूल असलेल्या वर्गात पेन्सिल हरवते, तेव्हा शिक्षकाच्या लेखणीची कसोटी लागते. "पेन्सिल हरवली, कोणी नेली हे कळले नाही", ही झाली हकीकत. "अमक्यास चोरीची सवय आहे", हे अनुमान, आणि तेही बहुधा मुलाच्या कुळावरून काढलेले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो. तेथे उतरलेला एक शब्द मुलाच्या आधीच नव्या शाळेत जाऊन बसतो, आणि तेथील गुरुजींना मुलाशी अद्याप ओळखही झालेली नसते.

शिक्षकाने मत देऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. मुलास त्याच्याइतके जवळून पाहणारा दुसरा अधिकारी कोणी नाही. त्याचे मत हवेच आहे. मात्र ते हकीकतीखाली, "शिक्षकाचा अभिप्राय" असे लिहून, कारणासह व स्वतःच्या सहीने द्यावे. हकीकतीत "नेहमी", "वारंवार" हे शब्दही जपून वापरावेत. "वारंवार गैरहजर" लिहिण्याऐवजी "जुलैमध्ये 9 दिवस गैरहजर" असे लिहावे. हजेरीपत्रक हाताशीच असते.