सरवा वेचणारी सून
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी पास. भाषणाची सवय नाही, चुकले तर सांभाळून घ्या. गेले वर्षभर आम्ही पाचसहा जणी गुरुवारी दुपारी शेजारच्या सिस्टरबाईंकडे बसून बायबलातल्या बायकांच्या गोष्टी वाचतो, हे आता सगळ्या आळीला ठाऊक आहे. 'ह्या आता धर्म बदलणार' असेही कानावर आले. तर सांगते, माझ्या देवघरातली तुळजाभवानी आहे तिथेच आहे. श्रावणात शिवलीलामृत वाचते, तशीच ही पोथी वाचते.

आणि ही पोथी मराठीत आणायला एक बाईच खपली आहे. पंडिता रमाबाईंचे नाव तुम्ही ऐकले असेल. आईवडील दुष्काळात गेले, पुढे ऐन तारुण्यात वैधव्य आले. 1883 साली विलायतेत त्या ख्रिस्ती झाल्या, त्यावरून पुष्कळ बोलणी खाल्ली. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांनी मुक्तिसदन उभे केले आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली तिथे आणल्या. साध्या बायकांना कळावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. आश्रमातल्या बायकामुलींनीच छापखान्यात खिळे जुळवले. 1922 साली बाई वारल्या आणि 1924 साली ग्रंथ छापून निघाला. वर्षानुवर्षे एका कामाला बसणे काय असते, ते चूल सांभाळणाऱ्या बाईला सांगायला नको.

त्यातली रूथची गोष्ट चारच अध्यायांची. सुरुवातच दुष्काळाने होते. बेथलेहेमात अन्न नाही म्हणून नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुलगे घेऊन परमुलखात, मवाबात जाते. आपल्याकडून पोरेबाळे घेऊन ऊसतोडीला जातात, तसेच. तिथे नवरा जातो, मुलांची लग्ने होतात आणि दहाएक वर्षांत दोन्ही मुलगेही जातात. उरतात तीन विधवा, एक सासू आणि दोन सुना. नामी परत निघते आणि सुनांना म्हणते, तुम्ही माहेरी जा, पुन्हा संसार करा. धाकट्या वयाच्या सुनांना असे सांगणारी सासू मला तरी आसपास दिसली नाही. अर्पा रडत रडत माहेरी जाते. तिला कोणी नावे ठेवू नयेत, मी तिच्या बाजूची आहे. रूथ मात्र सासूला सोडत नाही.

गावी पोचतात तेव्हा जवाची कापणी लागलेली. रूथ सरवा वेचायला जाते. त्या लोकांत शास्त्रच होते की शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेली कणसे उचलू नयेत. ती गरिबाची, परक्याची आणि विधवेची. शेतमालक बवाज तिला जेवायला बसवतो, भाजलेले दाणे देतो, आपला हुरडाच म्हणा. पोटभर खाऊन उरलेले ती सासूसाठी राखून ठेवते. ते वाचताना आमच्यातल्या एकीने पदर डोळ्याला लावला. आपण सगळ्याच जणी असे काही ना काही पदरात बांधून घरी आणलेल्या आहोत.

आता घरचे सांगते. माझे धाकटे दीर चार वर्षांपूर्वी वारले. मागे जाऊ आणि दोन मुली. गेल्या वर्षी सासरे गेले आणि सातबारावर वारसांची नावे लावायची वेळ आली. घरात ठरले, तिने हक्कसोड करून द्यावी, मुलींच्या लग्नाचे आपण बघू. तिला समजावण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ते केले. गोड बोलून केले. ती 'बरं, अक्का' एवढेच म्हणाली.

त्याच गुरुवारी वाचायची पाळी माझी होती आणि वाचायचे होते ते सरव्याचे. माझा आवाज फुटेना. सिस्टरबाईंनी काही विचारले नाही, पुढच्या आठवड्याला सलाफहादाच्या मुलींची गोष्ट काढली. पाच बहिणी, भाऊ नाही. त्या मोशेपुढे, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून बापाच्या जमिनीत वाटा मागतात आणि देव सांगतो, मुलींचे म्हणणे बरोबर आहे. आपल्याकडे मयत मुलाच्या विधवेला आणि लेकरांना 1956 च्या कायद्यानेच हक्क आहे. मला ते ठाऊक होते, म्हणून तर अधिक लाज वाटली.

संध्याकाळी जावेकडे गेले नि म्हटले, "बाई, सही करू नकोस. मी सांगितले ते चुकीचे सांगितले." ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "अक्का, घरात तुम्हाला त्रास होईल." झालाच. आमचे मालक आठ दिवस बोलले नाहीत, ताट वाढले की मुकाट्याने जेवायचे. पण फेरफारात तिचे आणि दोन्ही मुलींचे नाव लागले. वाटणी अजून झालेली नाही, विहिरीच्या पाण्यावरून तंटा चालूच आहे. नणंदा माझ्याशी तुटक वागतात. जाऊ आता गुरुवारी आमच्यात येऊन बसते. वाचता येते तिला, माझ्यापेक्षा चांगले.

पुढच्या गुरुवारी हन्नाची गोष्ट आहे. मूल नाही म्हणून सवत टोचून बोलते, ही मंदिरात ओठ हलवत मुक्याने प्रार्थना करते, तर पुजाऱ्याला वाटते बाई प्यालेली आहे! ज्यांना यायचे त्यांनी तीन वाजता यावे. अक्षर बारीक आहे, चष्मा आणावा. चहा माझ्याकडे.