उपकारस्मरण
(धर्मपल्लीच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तकाच्या प्रकाशनप्रसंगी क्रांती चौकानजीक केलेले भाषण)



आपल्या धर्मपल्लीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्ही लिहिलेल्या या लहानशा पुस्तकाचे प्रकाशन देवालयाच्या आवारात न करता क्रांती चौकानजीकच्या या सभागृहात कशासाठी करावयाचे, असा प्रश्न समितीतील काही वडीलधाऱ्या मंडळींनी केला होता. प्रश्न रास्त होता. देवालयाच्या आवारास भाडे पडत नाही, येथे पडते. आमचे उत्तर इतकेच होते की, या पुस्तकात ज्यांचे उपकार नमूद केले आहेत त्यांतील कित्येक जण पवित्र मिस्सास येणारे नव्हेत. त्यांना आपल्या अंगणात बोलावून आभार मानण्यापेक्षा आपणच सर्वांच्या चौकात यावे, हे अधिक शोभते.

दुसरेही एक कारण होते, ते आम्ही समितीस सांगितले नाही, आज सांगतो. या चौकात येणाऱ्याची दृष्टी प्रथम वर जाते. छत्रपती श्रीशिवाजी महाराजांचा जो अश्वारूढ पुतळा फेब्रुवारी २०२२ मध्ये येथे नव्याने उभा राहिला, तो पाहावयाचा तर मान उंच करावीच लागते, आणि ते योग्यच आहे. परंतु याच जागेस पूर्वी काळा चबुतरा म्हणत. १८५७ च्या जून महिन्यात येथील छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात असंतोष भडकला, पुण्याहून जनरल वुडबर्न यांची फौज चालून आली, आणि कठोर शिक्षा झाल्या. त्यांतील मीर फिदा अली हे एक नाव इतिहासाने जपले. त्याच्या बरोबरीने ज्यांनी प्राण दिले त्यांची नावे कोणी विचारली, तर आपणांपैकी किती जण सांगू शकतील? आम्हांस स्वतःस सांगता येत नाहीत. इतकी वर्षे या चौकातून आम्ही ये-जा करीत आहोत, आणि नव्याण्णव वेळा तरी आमचे लक्ष केवळ वाहतुकीच्या दिव्याकडे असते.

आपल्या धर्मप्रांताचा इतिहासही बहुधा असाच मान वर करून लिहिला गेला आहे. नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला, अमरावती १९५५ मध्ये, आणि आपला हा धर्मप्रांत १७ डिसेंबर १९७७ रोजी. या तारखा आपल्या मुलांस पाठ असतात. संत फ्रान्सिस सालेस यांच्या मिशनरी संघाचे धर्मगुरू या गंगथडीच्या खेड्यांतून हिंडले. घोगरगावच्या फादर गुरियन जाकियर यांचे नाव आजही आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते. त्यांचे उपकार कोण नाकारील? परंतु परदेशातून आलेल्या त्या सत्पुरुषांस वैजापूरची पायवाट कोणी दाखविली, त्यांच्या तापात उशाशी कोण बसले, बाजरीच्या भाकरीचा पहिला घास तोंडात अडकला तेव्हा पाण्याचा तांब्या कोणी पुढे केला, हे कोठेही लिहिलेले आढळत नाही. जुन्या अहवालांत अशा माणसांचा उल्लेख ‘एक प्रचारक’, ‘एक विधवा’, ‘एक गृहस्थ’ असा येतो, आणि पुढच्याच वाक्यात इमारतीची लांबी-रुंदी सुरू होते.

आम्ही सेमिनरीत असताना संत पौल यांनी रोमकरांस लिहिलेले पत्र आम्हांस अभ्यासास होते. त्यातील पहिल्या अकरा अध्यायांसाठी आम्ही रात्री जागविल्या. सोळावा अध्याय मात्र परीक्षेस येणार नाही अशा खात्रीने सोडून दिला, कारण त्यात नावांच्या यादीवाचून दुसरे काही नाही असा आमचा समज होता. आता वयाची पन्नाशी उलटल्यावर तोच अध्याय आम्ही पुनःपुन्हा वाचतो. त्यात किंख्रियाची फिबी आहे. पत्र रोमला तिनेच पोहोचविले असावे असे पंडित मानतात. पौलासाठी आपली मान पुढे करणारे तंबूवाले पतिपत्नी, प्रिस्का आणि अक्विला, त्यात आहेत. रूफाची आई आहे, तिला पौल आपलीही आई म्हणतो. आणि सर्वांत गोड गोष्ट अशी की, जो लेखनिक ते पत्र उतरून घेत होता तो तर्तियस मध्येच एका ओळीत स्वतःचा नमस्कार घालतो, आणि पौल तो खोडावयास सांगत नाही. एवढे गहन धर्मविवेचन करणाऱ्या महापुरुषास अखेरीस सव्वीस-सत्तावीस माणसांची नावे घेण्यास सवड झाली. आम्हांस ती व्हावयास इतकी वर्षे लागली, याची लाज वाटते.

आपल्या मराठीचीच गोष्ट घ्या. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले, आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये ते पुन्हा छापले. त्या तीनही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सरकारने तेथील लोकभाषेच्या वापरावरच बंदीचे फर्मान काढले. मग १९०७ मध्ये मंगळूर येथे सालढाणा यांनी ते पुराण पुन्हा छापले ते कशावरून? हस्तलिखितांवरून. म्हणजे मधल्या अडीचशे वर्षांत कोणी तरी दिव्याच्या उजेडात बसून दहा हजारांहून अधिक ओव्या बोरूने उतरून काढीत होते. ग्रंथकर्त्याचे नाव आपण अभिमानाने घेतो, आणि घ्यावेच. उतरून काढणारांनी आपले डोळे दिले. ते नसते तर ख्रिस्ती धर्मगुरू आणि मराठी साहित्य यांचे नाते जोडणारा तो धागा आपल्या हाती लागलाच नसता. जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या धाराशिवास, तेव्हाच्या उस्मानाबादेस, फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसले तो दिवस पाहताना आम्हांस त्या बोरूवाल्यांची फार आठवण झाली होती.

इतके पाल्हाळ लावण्याचे कारण, या पुस्तकात काय आहे ते कळावे. हे इतिहासाचे पुस्तक नव्हे. हा आमच्या ऋणांचा खतावणीवजा हिशेब आहे, आणि खतावणीप्रमाणेच तो थोडा ओबडधोबड आहे.

यात १९७२ च्या दुष्काळातील एक आजीबाई आहेत. दिवसभर खडी फोडून त्या संध्याकाळी घरी येत, आणि मिळालेल्या मिलोची भाकरी थापताना शेजारच्या दोन पोरक्या मुलांचे पीठ आपल्याच परातीत मळीत. मिलोची भाकरी चवीस कशी लागे असे आम्ही विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “चव पाहायला तोंडात राहत होती का?” यात घाटी रुग्णालयातील एक परिचारिका आहेत. २०२१ च्या उन्हाळ्यात रात्रपाळीत, आपला दूरध्वनी पिशवीत गुंडाळून, त्या मरणोन्मुख रुग्णांच्या कानाशी धरीत, म्हणजे घरच्यांची प्रार्थना त्यांना ऐकू यावी. ती प्रार्थना कोणत्या धर्माची आहे हे त्यांनी कधी पाहिले नाही. बिल मात्र स्वतः भरले.

आणि यात जुन्या शहरातील एक मुसलमान सुतार आहेत. ते आज येथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत, व आम्ही त्यांच्याकडे पाहू नये अशी त्यांची तंबी आहे. त्याच उन्हाळ्यात आपल्याकडे शवपेट्यांची वाण पडली होती. एका रात्री दोन, दुसऱ्या रात्री तीन, अशी मागणी. हे गृहस्थ रोजाचा महिना असूनही रंधा खाली ठेवीत नसत. आम्ही हिशेब विचारावयास गेलो तेव्हा म्हणाले, “लाकडाचे द्या, फादर. मजुरीचे राहू द्या.” आम्ही आग्रह केला, तर त्यांनी विचारले, “उपवासात केलेल्या कामाची मजुरी तुम्ही घेता का?” आम्हांस उत्तर सुचले नाही, आणि आम्ही केवळ लाकडाचेच पैसे दिले. हेही ऋण खतावणीत लिहिले आहे, रकमेच्या जागी रेघ ओढून.

इतरही आहेत, पुस्तक आपण वाचालच. परंतु ज्यांच्यामुळे ते लिहावे लागले, त्यांच्याविषयी बोलल्यावाचून आम्हांस खाली बसता येणार नाही.

आम्ही तरुण असताना गंगापूर तालुक्यातील एका खेड्यात आमची नेमणूक होती. तेथे एक प्रचारक होते. सारा गाव त्यांस मास्तर म्हणे. त्यांचे नाव पुस्तकात आहे. येथे उच्चारीत नाही, कारण त्यांच्या कन्या सभेत आहेत व त्यांनी तशी विनंती केली आहे. मास्तरांनी अडतीस वर्षे मुलांस प्रार्थना शिकविल्या, आजाऱ्यांच्या घरी जपमाळ म्हटली, सायकलीवरून पाच गावे केली, आणि ज्यांस लिहिता येत नसे अशा सर्व जातिधर्मांच्या लोकांची पत्रे व अर्ज लिहून दिले. वाळवीने आमच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीची पाने खाल्ली तेव्हा मास्तरांनी आपल्या वह्या पुढे ठेविल्या. तारीख, बालकाचे नाव, धर्ममाता, धर्मपिता, त्या दिवशी पाऊस होता की नव्हता, सर्व काही त्यांत होते. त्या वह्यांवरून आणि साक्षीदार बोलावून आम्ही नोंदी पुन्हा बसविल्या. कित्येकांचे शाळेचे दाखले त्यावर झाले.

पुढे तेथील देवालयाचा विस्तार झाला. महागुरुस्वामी आले, आशीर्वादविधी झाला, मोठी सभा भरली. आभार मानण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही देणगीदारांचे आभार मानले, अभियंत्याचे मानले, गवंड्यांचे, मंडपवाल्याचे, बँडवाल्यांचेही मानले. एकतीस नावे आम्ही वाचली. मास्तरांचे नाव त्यांत नव्हते. कोणी खोडले नव्हते. आम्हांस ते सुचलेच नाही. डोळ्यांसमोर रोज असलेला मनुष्य यादीत यावयाचा तर त्याने थोडे दूर असावे लागते की काय, कोण जाणे. आमच्या ध्यानी आले ते रात्री, निजावयास जाताना. येत्या रविवारी बोलू, असे मनाशी ठरविले. त्या रविवारी दुसरेच काही निघाले. पुढच्या रविवारीही निघाले. मग आमची बदली झाली. त्यानंतरच्या पावसाळ्यात मास्तर वारले. आम्ही निघालो, पण वाटेत पूल पाण्याखाली होता, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा माती देऊन लोक परतत होते.

गेल्या वर्षी त्यांच्या कन्या त्या वह्या घेऊन आमच्याकडे आल्या. महोत्सवाच्या कामी उपयोगी पडतील म्हणाल्या. त्या गेल्यावर आम्ही तो दिवस शोधून काढला. मास्तरांच्या बारीक, सरळ अक्षरांत लिहिले होते : “कार्यक्रम चांगला झाला. फादरांचे भाषण लांबले. सतरंज्या ४२, सर्व परत दिल्या.” याखाली दुसऱ्या दिवसाची तारीख. आम्ही व्यासपीठावर एकतीस नावे वाचीत होतो, आणि त्यानंतर हा मनुष्य काळोखात सतरंज्या मोजीत होता.

आम्ही त्या ताईंस सर्व हकिगत सांगितली व क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “बाबांनी मनाला लावून घेतलं नव्हतं, फादर. आईनं मात्र घेतलं होतं.”

मास्तरांच्या पत्नी हयात आहेत. वय झाले आहे, प्रवास झेपत नाही, म्हणून आज त्या येथे नाहीत. आम्ही त्यांस भेटावयास गेलो होतो. त्यांनी चहा केला, आमच्या प्रकृतीची विचारपूस केली, आणि मास्तरांचा विषय आम्ही काढताच त्या बशी घेऊन आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आम्ही त्यांस दोष देत नाही. इतक्या वर्षांचे मौन आमच्या एका भेटीने का सुटावे? या पुस्तकाची पहिली प्रत प्रमुख पाहुण्यांनी घ्यावी अशी रीत आहे. त्यांनी उदार मनाने आम्हांस मोकळीक दिली आहे. ती प्रत उद्या सकाळी आम्ही स्वतः त्या घरी नेणार आहोत. त्या ती घेतील किंवा घेणार नाहीत.

आता एक व्यावहारिक सूचना. पुस्तके बाहेर मेजावर आहेत, आणि शेजारी शाईची लेखणी ठेविली आहे. छपाई सुरू झाल्यावर आमच्या ध्यानी आले की मास्तरांच्या प्रकरणात शेवटच्या ओळीत सतरंज्यांचा आकडा ४२ च्या ऐवजी २४ पडला आहे. प्रुफे आम्हीच तपासली होती, तेव्हा दोष छापखान्याचा नव्हे. प्रत्येकाने प्रत घेताना तो आकडा हाताने दुरुस्त करून घ्यावा. उद्या न्यावयाच्या प्रतीत आम्ही तो केला आहे; त्या बाईंस वाचता येते, आणि आकडा त्यांच्या लक्षात असेल.