प्रकाश चित्रातून जाऊ द्या

सर्जापूर रोडवरच्या माझ्या घरात पहिल्यांदा स्वतःच्या अमूर्त चित्रावर प्रोजेक्टर लावला आणि दोन महिन्यांचं काम पुसल्यासारखं झालं. पिवळ्यावर निळा प्रकाश पडला की पिवळा काळवंडतो. काळा रंग तर प्रोजेक्टरला टाकताच येत नाही. तिथे नुसता प्रकाश नसतो. मग नलिनी मलानींचं काम आठवलं. २०१२ साली जर्मनीत कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’त त्यांनी पारदर्शक मायलारची पाच नळकांडी उलट बाजूने रंगवून फिरती टांगली होती. प्रकाश त्यांतून आरपार जायचा, भिंतींवर सावल्या फिरायच्या. त्यांची चित्रं अमूर्त नव्हेत, पण युक्ती माझ्या कामाची. आता मीही कॅनव्हास सोडून पारदर्शक प्लास्टिकवर रंगवतो. रंग जाड लागला की भिंतीवर नुसता काळा डाग! पातळ लावायला अजून शिकतोय. थांबा, लाइट घालवतो. बघा.