गार्डचा शब्द म्हणजे कायदा नव्हे
(पाड्यावरच्या अभ्यास शिबिरातील भाषण)



काल रात्री शेकोटीपाशी एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कायदा म्हंजे नक्की काय रे?" एक पोरगा लगेच बोलला, "गार्ड बोलेल तो!" सगळे हसलो. पण ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. आज आपण त्याच्यावरच बोलणार आहोत.

जगात विचारवंतांचा एक पंथ आहे. त्यांना स्वतंत्रतावादी म्हणतात. त्यांच्यातलं मोठं नाव फ्रेडरिक हायेक. १९७४ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे लोक काही आपल्या संघटनेचे नव्हेत. बाजारावर त्यांचा भरवसा फार, आणि बाजारात आपल्या मोहाला नि डिंकाला काय भाव मिळतो तो आपल्याला ठाऊक आहे. तरी त्यांची एक गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे.

ते सांगतात, सरकारच्या हातात काठी असते, म्हणून आधी सरकारलाच कायद्याने बांधा. नियम आधी जाहीर पाहिजे. तो सर्वांना सारखा पाहिजे, तोंड बघून बदलता कामा नये. आणि तो साहेबालाही लागू पाहिजे. याला कायद्याचे राज्य म्हणायचे. ते असेल तरच माणूस आपल्या आयुष्याचा बेत आखू शकतो. आपलंच बघा. वैशाखात राब भाजताना, दिवाळीला नाचणी आपणच कापणार की नाही, हे ठाऊक नसेल तर माणूस मोकळा कसला?

आता ही फूटपट्टी वनखात्याला लावून बघू. १९२७ चा वन कायदा इंग्रजांचा. राखीव जंगल करण्याआधी गावोगाव स्थानिक भाषेत जाहीरनामा लावावा, दावे सांगायला निदान तीन महिने द्यावेत, असं त्यात लिहिलं आहे. ज्याचा दावा आला नाही आणि चौकशीतही कळला नाही, तो हक्क संपला, असंही लिहिलं आहे. ज्या पाड्यात एकालाही वाचता येत नव्हतं, तिथे तो कागद कोणी वाचला? बापजाद्यांचं रान कागदावर गेलं आणि आपण आपल्याच जमिनीवर अतिक्रमणदार झालो.

पण त्याच कायद्याने गार्डलाही बांधलं आहे. पकडलेल्या माणसाला विनाकारण अडकवून ठेवता येत नाही. संविधानाचं कलम २२ सांगतं, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. प्रवासाचा वेळ तेवढा वेगळा. पैसे घेऊन गुन्हा मिटवायचा अधिकार सरकारने नेमून दिलेल्या अधिकाऱ्यालाच आहे. कोंबडी नि पन्नास रुपये घेऊन झाडाखाली मिटवतात, त्याला कायद्यात नाव नाही. त्याला लाच म्हणतात.

आता आपला त्यांच्याशी वाद कुठे आहे, तेही सांगतो. या पंथाचे पूर्वज म्हणजे जॉन लॉक, तीनशे वर्षांपूर्वीचे इंग्रज. ते म्हणाले, जो जमिनीत घाम गाळतो त्याची जमीन. घोषणा आपलीच वाटते ना? पण अमेरिकेतल्या आदिवासींचं रान त्यांनी ओसाड धरलं, कारण तिथे नांगर-कुंपण नव्हतं. जंगल राखून वापरणं हाही घामच आहे, हे त्यांना दिसलं नाही. दुसरं, हे लोक म्हणतात की माणसाला जमीन विकायची पूर्ण मोकळीक पाहिजे. आपण म्हणतो, पोटात भूक आणि दारात सावकार असताना मारलेला अंगठा मोकळा नसतो. म्हणून तर हातून गेलेल्या आदिवासी जमिनी परत करायचा कायदा महाराष्ट्राला १९७४ साली करावा लागला.

आता कडू बोलतो, रागावू नका. गार्डचा शब्द कायदा नाही, तर मग भगताचं बोटही कायदा नाही. एखाद्या विधवेला भुताळी ठरवायचं, मारझोड करून हाकलायचं, आणि मग तिचा प्लॉट दिराने नांगरायचा, हे आपल्यातच होतं ना? तिला कुठला नियम आधी सांगितला होता? तिचं कोणी ऐकून घेतलं? एकट्या माणसाचा हक्क म्हणतात तो हाच. सगळा गाव एका बाजूला झाला तरी तो शाबूत राहिला पाहिजे. साहेबाकडे न्याय मागायचा आणि घरात अन्याय करायचा, असं आपल्याला चालणार नाही.

म्हणून आपण ठरवू या. कोणी अडवलं तर विचारायचं, "कुठलं कलम? दाखवा." पैसे भरले तर पावती घ्यायची. पंचनामा वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. कचेरीत एकट्याने जायचं नाही. आणि गावाच्या बैठकीत ज्याच्यावर आरोप आहे, तो बाई असो की बाप्या, त्याचं आधी ऐकायचं.

बाबा, तुमच्या प्रश्नाला आमचं उत्तर हे. जो साहेबाला, गार्डला, भगताला आणि आपल्याला सारखाच बांधतो, तो कायदा. बाकी सगळी नुसती काठी.

जिंदाबाद!